डोंगरउतार: लागवड करावी की नुसता राखावा?

कोकणात घाटाच्या पायथ्याला तोड झालेलं चार-पाच एकर रान पदरी असेल आणि खालच्या विहिरीचं पाणी मेअखेरपर्यंत टिकवायचं असेल, तर दोन वाटा आहेत. चर खणून लागवड करावी, किंवा चराई, कुऱ्हाड आणि वणवा थांबवून रानाला आपलं आपण वर येऊ द्यावं.

लागवडीचा मोठा गुण म्हणजे काम डोळ्यांना दिसतं. जमीन सामाईक असेल तर भावकीला ते पटवणं सोपं जातं. शिवाय कोणतं झाड कुठे हवं ते आपण ठरवतो.

अडतं ते पाण्यापाशी. तीन बाय तीन मीटरवर एकरी साधारण साडेचारशे रोपं बसतात. आठवड्याला दहा लिटर धरलं तरी एका पाळीला साडेचार हजार लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे अशा पंधरा-सोळा पाळ्या, आणि हे किमान दोन-तीन उन्हाळे. टँकर उतारावर चढत नाही. मग पंप लागतो खालच्याच विहिरीवर, तोही नेमका ती तळाला जाते त्या दिवसांत. ज्या पाण्यासाठी हा खटाटोप, तेच आधी उपसायचं, ही गोष्ट आम्हाला पटेना. निवड तिथेच झाली.

चरांचंही तसंच. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर, देशावर चांगले चालतात. इथल्या तीन हजार मिलिमीटर पावसात मात्र पातळी एका जागी चार बोटं चुकली, तर अख्ख्या चराचं पाणी तिथे गोळा होतं, भराव फुटतो आणि खाली नवी घळ पडते. करायचेच तर तुटक चर करावेत: चार-पाच मीटर लांब, अर्धा मीटर खोल, वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेखाली खालचा चर येईल असे. आणि कातळसड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, तर खड्डे नकोतच. तिथलं गवत आणि पावसाळी फुलं हीच त्या जागेची संपत्ती.

राखण करण्याआधी पावसाळा सरताना मोजणी करा. दहा बाय दहा मीटरच्या चौकात ऐन, किंजळ, जांभूळ, नाणा यांचे जिवंत खुंट आणि आपसूक उगवलेली रोपं मिळून दहा-अकरा भरली, तर एकरी साडेचारशे झाडं तुमच्याकडे आधीच आहेत. यातल्या खुंटांची मुळं खोल गेलेली असतात, त्यांना पाणी घालावं लागत नाही. दरेक खुंटावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे हिवाळ्यात जमिनीलगत कापा. एकच ठेवला तर तो वाऱ्याने मोडण्याची भीती असते.

खरी मेहनत वणव्याची. गवत वाळू लागलं की दिवाळीनंतर हद्दीवर तीन ते पाच मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, साफ करावी. खालच्या अंगाला जास्त रुंद, कारण आग चढावर धावते. भाजावळीच्या, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळण्याच्या, दिवसांत ती पुन्हा झाडून पालापाचोळा काढावा लागतो. आतलं गवत बी पडल्यावर शेजाऱ्यांना कापून नेऊ द्या. जळण कमी होतं आणि गुरं सोडण्याची गरजही त्यांना उरत नाही. घळीत अनगड दगडी बांध घालावेत: पाया वीतभर खोल, उंची पाऊण मीटरच्या आत, मध्यभाग कडांपेक्षा खाली. मध्य उंच राहिला तर पाणी काठ कापून बगलेतून जातं.

राखणीची कमकुवत बाजू कागदावर आहे. काहीच केलेलं दिसत नसल्याने एखादा हिस्सेदार तोड विकून मोकळा होऊ शकतो. म्हणून सर्वांची लेखी संमती आधी घ्या आणि सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाचा. तिथे खासगी वनाची नोंद असेल तर चर खणण्याआधीही चौकशी करायला हवी.

आमच्या उतारावर राखणीनंतर घळीचं पाणी पावसाळ्यात पूर्वीइतकं गढूळ उतरत नाही. मोजमाप नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच. दुसऱ्या जमिनीत वेगळं घडू शकेल.

चौकात तीन-चारच खुंट निघाले आणि आसपास बियांची झाडंही नसली, तर मात्र लागवडीला पर्याय नाही. तेव्हाही सगळा उतार एकदम न घेता घळीच्या दोन्ही काठांपासून सुरुवात करावी, एकरी पन्नास-साठ रोपं, बाकी जागेत मृगाच्या तोंडावर ऐन-बेहड्याच्या बिया टोकाव्यात. एवढ्या रोपांना पाळीला पाच-सहाशे लिटर पाणी पुरतं.