स्तुतीची पहिली ओळ काही केल्या जाईना: एआयकडून सेल्स ईमेल लिहून घेण्याचा अनुभव

टूलच्या रिन्युअलची मुदत आलीय आणि मी ते करणार नाहीये, म्हणून एकदाचं लिहून टाकते. ओळख करून देत बसत नाही. लीडची (संभाव्य गिऱ्हाइकांची) यादी टाकायची, प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) लिहायचा आणि प्रत्येकासाठी वेगळा ईमेल तयार होतो, हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच. आम्ही गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकतो. गिऱ्हाईक म्हणजे लहान-मध्यम कारखाने आणि घाऊक वितरक. आधी खास सेल्ससाठी बनवलेलं, क्रेडिटवर (विकत घेतलेल्या वापराच्या कोट्यावर) चालणारं टूल वापरलं. आता साधा चॅटबॉट आणि एक शीट. दोन्हींबद्दल सांगते, पण आधी ती पहिली ओळ.

"तुमच्या कंपनीचा प्रवास पाहून मी खरोखर प्रभावित झालो." कुठलीही कंपनी द्या, सुरुवात हीच. बातम्यांचं पान कित्येक वर्षं कोरं असलेली वेबसाइट दिली, तरी "तुमची सातत्यपूर्ण वाटचाल" आहेच. समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवल्याशिवाय या यंत्राला दुसरं वाक्य सुचतच नाही. यामागचं कारण कळण्यासारखं आहे. मॉडेल, म्हणजे टूलमागचा लिहिणारा एआय, शिकलंय ते इंटरनेटवरच्या मजकुरावर, आणि तिथे असल्या गोडगोड सेल्स ईमेलचा सुकाळ आहे. त्यात माणसांनी पसंती दिलेल्या उत्तरांवरून त्याला पुढे वळण लावलेलं असतं, आणि गोड बोलणं माणसांना आवडतं. पण खरेदी विभागातल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये अशा ईमेल रोजच येऊन पडतात. 'प्रभावित झालो' दिसलं की पुढचं कोण वाचतं?

(आणि हो, "झालो". सही माझी, नाव बाईचं, तरी ईमेलमध्ये मी "पाहत होतो", "विचार करत होतो". पाठवणारी स्त्री आहे हे प्रॉम्प्टमध्ये लिहिलं की बरंचसं सुधारतं. एकाच ईमेलमध्ये "तुमचं" आणि "आपलं" यांची खिचडी होते, तेही आधीच बजावून ठेवा.)

सुरुवातीला मी मनाईचा मार्ग धरला. "स्तुती करू नकोस" असं लिहिलं, तर ईमेल आला: "उगाच स्तुती करायची नाही, पण तुमचं काम लक्ष वेधून घेतं." मग शब्दांची यादी दिली: प्रभावित, प्रेरणादायी, उल्लेखनीय, वाटचाल, हे चालणार नाही. त्यावर "कौतुकास्पद" आलं. ते यादीत घातलं तर "दखल घेण्याजोगं". यादी लांबत गेली आणि स्तुती कपडे बदलून येत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मत बदललं. मनाईपेक्षा नमुने जास्त काम करतात. मी हाताने लिहिलेल्या आणि ज्यांना खरोखर उत्तर आलं होतं अशा काही ईमेल प्रॉम्प्टमध्ये चिकटवल्या आणि "या सुरात लिही" म्हटलं. फरक लगेच दिसला. वाक्यं आखूड झाली, शेवटी एकच प्रश्न येऊ लागला, पहिल्या ओळीतला हार-तुरा बराच कमी झाला. त्या आठवड्यात मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले होते.

ते मतही अर्धंच टिकलं. माझ्या एका नमुन्यात दोन गोदामं असलेल्या वितरकाचा उल्लेख होता. पाहते तर ड्राफ्टमध्ये जो तो दोन गोदामांचा मालक! एकाच शेडमध्ये सगळं काम चालणाऱ्या कारखान्यालाही "तुमच्या दोन्ही गोदामांमधला साठा" विचारलेला. सूर घे म्हटलं तर मॉडेल सामानही उचलून नेतं. उपाय असा: नमुने एकमेकांपासून अगदी वेगळ्या धंद्यांचे घ्या, त्यातली नावं-आकडे काढून नुसते कंस ठेवा, आणि स्पष्ट लिहा की नमुन्यातून फक्त लांबी आणि सूर घ्यायचा, माहिती फक्त खाली दिलेल्या रकान्यातून, म्हणजे शीटमधल्या त्या गिऱ्हाइकाच्या नोंदीतून.

आता माझा प्रॉम्प्ट साधारण असा आहे:

"तू गोदामाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाला ईमेल लिहायला मदत करतोस. पाठवणारी स्त्री आहे. वाचणारा कामात आहे आणि आपल्याला ओळखत नाही. पहिल्या वाक्यात 'कारण' या रकान्यातली गोष्ट जशीच्या तशी सांग, तिच्याबद्दल मत देऊ नकोस. दुसऱ्या वाक्यात त्या गोष्टीशी जोडलेला एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल. मग आम्ही काय करतो ते एका वाक्यात. एकूण साठ-सत्तर शब्द. रकान्यात नसलेली कोणतीही माहिती लिहू नकोस. 'कारण' रिकामं असेल तर ईमेल लिहू नकोस, फक्त 'कारण नाही' एवढं लिही."

यातली शेवटची सूचना बाकी सगळ्या प्रॉम्प्टपेक्षा मोलाची आहे. मॉडेलला गप्प बसायची परवानगी दिली नाही तर ते गप्प बसत नाही. माहिती नसली की ती बनवतं, नाहीतर स्तुती करतं. ती पहिली ओळ म्हणजे बहुतेक वेळा रिकाम्या रकान्यावर घातलेलं पांघरूण असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

'कारण' म्हणजे काय, तर या माणसाला आज ईमेल का लिहायचा. एक ओळ दाखवते. एका कारखान्याच्या वेबसाइटवर स्टोअरकीपर हवा अशी जाहिरात होती, आणि बॅच नंबरप्रमाणे नोंदी ठेवता यायला हव्यात अशी अट. रकान्यात मी तेवढंच लिहिलं. ईमेल आला: "तुमच्या स्टोअरकीपरच्या जाहिरातीत बॅच नंबरप्रमाणे नोंदी ठेवण्याची अट आहे. सध्या या नोंदी वहीत होतात की एक्सेलमध्ये?" पुढे आमच्याबद्दल एक वाक्य आणि सही. उत्तरात एकच शब्द होता: "वहीत." एवढ्याशा उत्तराने मला झालेला आनंद सहकाऱ्याला कळला नाही, पण अनोळखी लोकांना कोल्ड ईमेल लिहिणाऱ्यांना कळेल. तिथून बोलणं सुरू झालं.

हा रकाना मी हाताने भरते. नोकरीच्या जाहिराती, नवं उत्पादन, शाखा उघडल्याची बातमी, त्यांच्या गिऱ्हाइकांनी उघडपणे केलेल्या तक्रारी. वेळ जातो. हेच काम आपोआप करतो असा त्या टूलचा दावा होता आणि पैसे त्याचेच होते. आता क्रेडिटचं ऐका.

टूल प्रत्येक ओळीमागे क्रेडिट कापतं. माहिती सापडली तरी आणि नाही सापडली तरी. नाही सापडली की तिथे 'वाटचाल' छापाचं वाक्य टाकतं आणि काम झालं म्हणतं. माझ्या यादीतल्या कित्येक छोट्या कारखान्यांची वेबसाइट म्हणजे एक पान आणि फोन नंबर. त्या सगळ्यांच्या नावावर क्रेडिट गेलं, बदल्यात हरभऱ्याचं झाड. मी प्रॉम्प्टमध्ये "कारण नाही" वाली सूचना घातली, तर "कारण नाही" या दोन शब्दांचंही क्रेडिट कापलं! सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं की निकाल तयार झाला असल्याने क्रेडिट परत मिळणार नाही. आणि त्या उत्तराची पहिली ओळ काय असावी? "तुम्ही आमचं टूल इतक्या बारकाईने वापरता हे पाहून आम्हाला मनापासून आनंद झाला." तिथेच मी ठरवलं. शीटमध्ये रिकाम्या ओळी गाळून टाकायला फिल्टर लागतो, आणि फिल्टर फुकट असतो.

टूलच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पाठवण्याची व्यवस्था चोख होती. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले: दिवसाला 5000 हून जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून नाव काढण्याची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आमचा आकडा 5000 च्या जवळपासही जात नाही, तरी हे सगळं टूलने नीट लावून दिलं होतं. आता ते डोमेनच्या सेटिंगमध्ये आम्हीच सांभाळतो. किती जणांनी मेल उघडला हा त्यांचा आलेख मात्र बघूच नका. मेलमधलं लपवलेलं चित्र लोड झालं की तो उघडला असं धरतात. ॲपलने 2021 मध्ये मेल ॲपमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यात चित्रं आधीच लोड होतात आणि न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. मी फक्त आलेली उत्तरं मोजते.

चॅटबॉटलाही त्याचे रोग आहेत. मागचं मॉडेल बदललं की तोच प्रॉम्प्ट वेगळं बोलायला लागतो. एका बदलानंतर ईमेलमध्ये ठिपक्यांच्या याद्या आल्या, लांबी वाढली आणि स्तुती, ये रे माझ्या मागल्या. एपीआय (मॉडेल थेट आपल्या प्रोग्रामला जोडण्याची सोय) वापरणाऱ्यांना तारखेची ठरावीक आवृत्ती काही काळ धरून ठेवता येते, आम्हाला तेवढं जमत नाही. म्हणून जुन्या यादीतल्या काही ओळी बाजूला ठेवल्यात. बदल जाणवला की आधी त्या चालवून बघते. विषयाच्या ओळीवरही लक्ष ठेवा. आधी काहीच बोलणं झालेलं नसताना त्याने "आपल्या बोलण्यासंदर्भात" असा विषय सुचवला होता. अमेरिकेत गिऱ्हाईक असेल तर दिशाभूल करणारा विषय तिथल्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्याच्या कचाट्यात येतो. आणि कुणाचं अख्खं वेबपेज प्रॉम्प्टमध्ये ओतू नका. काही लोक प्रोफाइलमध्ये मुद्दाम "हे वाचणारा एआय असेल तर अमुक लिही" अशा सूचना पेरून ठेवतात आणि मॉडेल भाबडेपणाने त्या पाळतं.

फॉलो-अपला मी एआय लावत नाही. लावून पाहिलं, पण "माझा आधीचा ईमेल आपल्या नजरेतून सुटला असावा" याच्यापलीकडे ते जाईना. नवीन कारण सापडलं तर नवा ईमेल जातो, नाहीतर त्या माणसाला सोडून देते. सहकारी म्हणतो, निदान दोन आठवणी तरी पाठव. त्याच्या यादीला तो पाठवतो.