ओल काढलेल्या भिंतीवर गिलावा कोणता: जिप्सम, सिमेंट की चुना?

जमिनीतून चढणारी ओल अडवायला भिंतीत खालून केमिकल भरून झालं, नवा गिलावाही झाला, तरी डाग वाळत नाहीत, अशी तक्रार असते. दोष बहुतेकदा गिलाव्याचा नसतो. खालून चढणारी ओल थांबली तरी विटांत आधी मुरलेलं पाणी निघायला वेळ लागतो. ठोकताळा असा, की जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना. नऊ इंची भिंतीचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून गिलावा लवकर वाळतो का, यापेक्षा मागचं पाणी बाहेर जाऊ देतो का, ते बघा.

जिप्सम अर्ध्या तासात घट्ट होतो, पाणी मारावं लागत नाही, दिसतोही गुळगुळीत. कोरड्या फ्लॅटमध्ये खुशाल करा. ओलीच्या भिंतीवर नको. मागून ओल आली की तो मऊ पडून सुटतो. विषय संपला.

सिमेंट-रेती 1:4 आणि त्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड, हा मिस्त्रींचा ठरलेला उपाय. आपल्या नागपुरात कन्हान नदीची रेती ओळखीची, कोणताही गवंडी करून देतो, मजबूतही असतो. पण असा घट्ट थर पाणी अडवतो, आणि ते गिलाव्याच्या वरच्या कडेला, जुन्या भागात डोकं काढतं. लोणा, म्हणजे पांढरा खार, तिथेच फुटतो. शिवाय किमान आठवडाभर पाणी मारायचं, म्हणजे वाळवायच्या भिंतीला पुन्हा भिजवणं आलंच.

नागपुरातल्या महाल, इतवारीकडच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींना चुन्याचाच गिलावा मानवतो. हळूहळू कडक होतो, पण वाफ जाऊ देतो. अडचण एकच: चुन्यावर हात बसलेला गवंडी शोधावा लागतो. तो मिळाला नाही तर सिमेंट, चुना, रेती 1:1:6 घ्या. साध्या विटांच्या घराला मी हेच सुचवेन.

मिश्रणाइतकाच मोसमही महत्त्वाचा. पावसाळ्यात हवाच दमट, भिंत वाळणार कुठे? मे महिन्यात ऊन कडक, पण नवा सिमेंटचा थर भराभर सुकून तडकतो. त्यात आपल्याकडे खोलीत कूलर! तो दिवसभर ओली हवाच फेकतो. त्यापेक्षा दिवाळीनंतर जुना गिलावा डागाच्या फूटभर वरपर्यंत खरवडा, विटा हिवाळाभर उघड्या ठेवा, खिडक्या उघडा, पंखा लावा. होळीच्या आत नवा गिलावा घाला. उरलेली ओल त्यातूनच निघेल.

रंगाची घाई करू नका. फूटभर प्लास्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब आले तर भिंत अजून ओलीच आहे. तोवर चुन्याची सफेदी चालेल. पुट्टी आणि ऑइल पेंट थांबवा, नाहीतर पोपडे निघतील.