फोन माझा, शिक्का त्यांचा: गूगलविना अँड्रॉइडचा अनुभव

दिवाळीच्या आधी माझ्या फोनवरचा कंपनीचा अँड्रॉइड काढून लिनिएजओएस ही अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती टाकली आणि गूगलची ॲप्स मुद्दाम घेतली नाहीत. तेव्हापासून रोजचा फोन हाच. मध्यंतरी इथे इंदुरात जेल रोडला स्क्रीन बदलायला गेलो, तर दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "भैया, पेमेंट कैसे करते हो इसमें?" दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं त्याने.

आधी चांगलं सांगतो. काढता न येणारी ॲप्स गेली, लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती गेल्या, बॅटरी आरामात पुरते. ॲप्स एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातून घेतो, तिथे खातंच उघडावं लागत नाही. मराठीसाठी इंडिक कीबोर्ड छान चालतो. बोलून टाइप करायची सोय मात्र गेली, आणि आईला लांबलचक निरोप पाठवताना ती हमखास आठवते. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला. राजवाड्याच्या आसपास काही अडत नाही. शहराबाहेरच्या नव्या कॉलन्या कुणीतरी भरल्याशिवाय त्यात येणार कशा? आमच्या गल्ल्या शेवटी मीच टाकल्या. काही ॲप्सची नोटिफिकेशन्स उशिरा येतात किंवा येतच नाहीत, कारण ती गूगलच्या सर्व्हरमार्गे येतात. याची सवय होते.

सवय होत नाही ती बँकेची. माझ्या बँकेचं ॲप उघडतं आणि 'हे उपकरण सुरक्षित नाही' म्हणून बंद होतं. यामागे प्ले इंटेग्रिटी नावाची व्यवस्था आहे. ॲप गूगलला विचारतं, हा फोन प्रमाणित आहे का? उत्तर गूगलच्या सर्व्हरवरून येतं. बूटलोडर (फोन सुरू करताना प्रणाली चढवणारा, कंपनीने कुलूप लावलेला भाग) उघडलेला, प्रणाली गूगलने न तपासलेली, म्हणजे नापास. बूटलोडर उघडा ठेवण्यात धोका आहे, हे मान्य. पण ग्राफीनओएस या अशाच दुसऱ्या प्रणालीत तो पुन्हा बंद करता येतो, सुरक्षेबद्दल तिचं नावही मोठं आहे, तरी गूगलचं प्रमाणपत्र नाही म्हणून नेहमीच्या पातळीवर तीही नापासच. उलट बाबांच्या फोनला कंपनीने अपडेट देणं केव्हाच थांबवलंय, पण बँक त्याला मुकाट्याने आत घेते. सुरक्षा तपासायची असेल तर ही कसली तपासणी?

*99# हा नंबर फिरवून यूपीआयने पैसे पाठवणं चालतं, त्याला इंटरनेटही लागत नाही. पण एका वेळी 5,000 रुपयांची मर्यादा, आणि क्यूआर स्कॅन होत नाही. छप्पन दुकानवर गर्दीत उभं राहून समोरच्याचा नंबर विचारत आकडे दाबत बसणं म्हणजे मागच्या लोकांच्या शिव्या खाणं. म्हणून रोख ठेवतो, आणि घरी बँकेपुरता एक जुना फोन. म्हणजे स्वातंत्र्यासाठी दोन फोन बाळगतोय! बायको यावर हसते ते बरोबरच आहे.

आपल्याकडे हे प्रकरण स्पर्धा आयोगापर्यंत गेलं होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने अँड्रॉइडवरून गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. आधीपासून घातलेली ॲप्स वापरणाऱ्याला काढू देणं आणि प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकण्यावर बंधन न घालणं, हे दोन्ही त्या चारांतच होते. आमच्यासारख्यांच्या कामाचं तेवढंच गेलं.

पुढचं तर आणखी गमतीचं. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पटवलेल्या डेव्हलपरांचीच ॲप्स टाकता येतील. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, मग 2027 पासून इतरत्र. या नियमाने आपला प्रकल्पच संपेल असं एफ-ड्रॉइडवाल्यांनी लगेच सांगितलं. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगलवाले जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू म्हणाले. पण 'प्रमाणित' हा शब्द बघा. माझा फोन प्रमाणित नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. आणि प्रमाणित नाही, म्हणूनच हा नवा नियम त्याला लागू नाही.

असा फोन कुणी घ्यावा? एकच फोन असेल आणि धंदा यूपीआयवर चालत असेल, तर नका घेऊ. आईबाबांच्या फोनना मी हात लावलेला नाही. बाकीच्यांनी आधी आपलं मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत आहे का ते पाहा, बँकेची वेबसाइट ब्राउझरमध्ये सगळी कामं करू देते का ते तपासा, आणि फोटोंचा बॅकअप घ्या. बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो.