हॅम्बर्गची खोली आणि कोल्हापुरातून गेलेलं डिपॉझिट

हॅम्बर्गला शिकायला निघालेल्या कोल्हापुरातल्या एका मुलाचे १२६० युरो खोलीच्या खोट्या जाहिरातीत गेले. पहिलं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट, असे सव्वा लाखाच्या आसपास. यंदा निघालेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं.

जाहिरात अशी होती: श्पायशरश्टाट भागात फर्निचरसकट खोली, भाडं ४२० युरो, बाल्कनीतून समुद्र, टेक्निकल युनिव्हर्सिटी चालत दहा मिनिटं. नकाशा उघडला असता तर तिथंच बिंग फुटलं असतं. हॅम्बर्ग हे जर्मनीतलं सर्वांत मोठं बंदर, पण ते एल्ब नदीवर आहे. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब, कुठल्याच बाल्कनीतून दिसत नाही. श्पायशरश्टाट म्हणजे कालव्यांच्या काठची लाल विटांची जुनी गोदामं, २०१५ पासून जागतिक वारसा. आता तिथं ऑफिसं आणि संग्रहालयं आहेत, विद्यार्थ्यांच्या खोल्यांची ती वस्तीच नव्हे. युनिव्हर्सिटी तर नदीपलीकडं, दक्षिणेला हारबुर्गमध्ये. मुख्य स्टेशनवरून एस-३ किंवा एस-५ लोकल पकडावी लागते.

पुढचं सगळं ठरलेलं. मालक 'सध्या लंडनला', किल्ली कुरिअरनं येणार. विश्वास बसावा म्हणून त्यानं पासपोर्टचा फोटो पाठवला. असे फोटो बऱ्याचदा आधी फसलेल्या कुणाचे तरी असतात, म्हणून आपल्या पासपोर्टची कॉपी अनोळखी माणसाला देऊच नका. मग शेवटचा दाब: अजून दोघं तयार आहेत, आज पैसे आले तरच खोली तुमची. ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे आधीच भरून ठेवलेले) पैसे तिथं पोचल्यावरच हाती येतात, त्यामुळं घरच्यांनी राजारामपुरीतल्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून वेगळे पैसे पाठवले. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं होती ईएस, म्हणजे खातं स्पेनमधलं. जर्मन आयबॅन डीईनं सुरू होतो आणि एकूण २२ अक्षरं-आकड्यांचा असतो. डीई दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका, पण घर हॅम्बर्गला आणि खातं तिसऱ्याच देशात असेल तर एक युरोही पाठवू नका.

जर्मन कायद्यानुसार डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. तेही तीन समान मासिक हप्त्यांत देता येतं, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू झाल्यावर. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी मालकाचा लेखी दाखला लागतो. तो देणार का, हे पहिल्याच मेसेजमध्ये विचारा. भामटे इथं हमखास विषय बदलतात. व्हिडिओ कॉलवर रस्ता, घराचा नंबर आणि दारावरची बेलची पाटी सलग दाखवायला सांगा. तिथं बेलजवळ भाडेकरूंची आडनावं लिहिलेली असतात.

ॲडमिशन लेटर हातात पडलं की त्याच दिवशी श्टुडिरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी तिथली संस्था) वसतिगृहाला अर्ज करा. नंबर लागायला वेळ जातो. तोवर हॉस्टेल चालेल, पण तिथं नोंदणीचा दाखला बहुतेकदा मिळत नाही, हे धरून चला.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी बँकेत जाऊन व्यवहार परत बोलावण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. हॅम्बर्ग पोलिसांकडंही ऑनलाइन तक्रार करता येते. चॅट, जाहिरात आणि आयबॅनचे स्क्रीनशॉट आधी काढा, कारण जाहिरात लगेच गायब होते.