सोन्याचे नॅनोकण : रांगेत मांडावेत की विखरू द्यावेत?

काचेवर सोन्याचे नॅनोकण बसवून संवेदक, लेझर किंवा सौरघटासाठी थर करायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. ई-बीम लिथोग्राफीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने, एकेक ठिपका आखून रेखीव जाळी काढायची, किंवा सोन्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर भट्टीत तापवून त्याचे आपोआप थेंब होऊ द्यायचे. पहिल्या वाटेने चौरस मिलिमीटरभर नमुन्यालाही तासन्‌तास जाऊ शकतात, दुसरीने अख्खी स्लाइड एका दिवसात होते. माझं मत आधीच सांगतो : सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसते म्हणून जाळी निवडू नका आणि स्वस्त पडतं म्हणून विखुरलेले कणही निवडू नका. तुमचा प्रकाश किती कोनांतून येणार आणि तुम्हाला एकच रंग हवा आहे की सगळे, याचं उत्तर आधी कागदावर लिहा.

एकटा कण काय करतो ते पाहू. पाण्यातल्या सोन्याच्या छोट्या गोल कणातले इलेक्ट्रॉन ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने झुलतात. हा प्लाझ्मॉन अनुनाद. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लालसर रेघ बहुतेक वेळा याच अनुनादामुळे उमटते. पण हा झुला फार लवकर थांबतो. थोडी ऊर्जा धातूत उष्णता होऊन जाते, थोडी प्रकाश होऊन बाहेर पडते. त्यामुळे वर्णपटात टोकदार शिखर मिळत नाही, पन्नास-साठ नॅनोमीटर किंवा त्याहूनही रुंद उंचवटा मिळतो. कण विखुरलेले असले तर थोड्याफार फरकाने हाच उंचवटा दिसतो, आणि कणांचे आकार कमीजास्त असतील तर तो आणखी पसरतो.

आता तेच कण चौकोनी जाळीत बसवा. लेझीमच्या पथकात रांगांमधलं अंतर असं ठेवलं की मागच्या रांगेचा ठोका पुढे पोचतो त्याच क्षणी पुढच्या रांगेचाही ठोका पडतो, तर आवाज एकावर एक चढत जातो. जाळीतही हेच होतं. शेजाऱ्याकडून आलेली लहर बरोबर एका तरंगलांबीने उशिरा पोचली, तर सगळे कण एकमेकांना ढकलत राहतात आणि बाहेर निसटणारा प्रकाश जाळीच्या पातळीतच अडकतो. झुला जास्त वेळ चालतो, म्हणून शिखर अरुंद होतं. लंब प्रकाशासाठी हिशोब सोपा आहे : तरंगलांबी म्हणजे अपवर्तनांक गुणिले कणांमधलं अंतर. १.५२ अपवर्तनांकाच्या माध्यमात ४०० नॅनोमीटरची जाळी म्हणजे साधारण ६०८ नॅनोमीटर. २००४ मध्ये सैद्धांतिक गणितात हे अरुंद शिखर ठळकपणे दिसलं, २००८ मध्ये ते प्रयोगांत स्पष्ट मोजलं गेलं. शिखर किती टोकदार आहे ते गुणवत्ता अंक सांगतो : तरंगलांबी भागिले शिखराची रुंदी. एकट्या कणाचा हा अंक दहाच्या घरात असतो. २०२१ मध्ये सोन्याच्याच जाळीत दूरसंचाराच्या तरंगलांबीला तो २३४० पर्यंत पोचल्याचं प्रसिद्ध झालं. धातू तोच, फरक मांडणीचा. मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

लेझरसाठी म्हणूनच जाळी हवी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१३ मध्ये अशा जाळीवर रंगद्रव्य घालून साध्या तापमानाला लेझर मिळवला गेला. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात २०१८ मध्ये जाळीतल्या प्रकाशाचं बोस-आइन्स्टाइन संघनन, म्हणजे असंख्य कणांचं एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होणं, दाखवलं गेलं. विखुरलेल्या कणांतूनही लेझर निघतो, पण त्याची दिशा आणि शिखरं तुमच्या हातात राहत नाहीत.

पण जाळी हट्टी असते. प्रकाश एका अंशाने तिरका झाला की ४०० नॅनोमीटरच्या जाळीचं शिखर दुभंगून दोन्ही बाजूंना सुमारे सात-सात नॅनोमीटर सरकतं. शिखराची रुंदीच पाच-सहा नॅनोमीटर असेल, तर साध्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने एकवटलेल्या, अनेक कोनांतून येणाऱ्या प्रकाशात ते पुसलंच जाणार. समांतर किरण देणारी मांडणी जवळ नसेल, तर मी जाळीवर पैसे घालणार नाही. दुसरी अडचण अपवर्तनांकाची. खाली काच १.५२ आणि वर पाणी १.३३ असेल तर अनुनाद अशक्त होतो. जाळी दोन्ही बाजूंनी सारख्या माध्यमात हवी. पाण्यात मोजायचं असेल तर सुमारे १.३४ अपवर्तनांकाचं सायटॉप नावाचं पॉलिमर खाली घेता येतं.

संवेदकासाठी निवड करताना एक बाब हमखास सुटते. जाळीचं शिखर अपवर्तनांकाच्या ०.०१ बदलाला चार नॅनोमीटर हलतं, आणि ते अरुंद असल्याने हे सरकणं वर्णपटात सहज दिसतं. मात्र जाळीचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागापासून दूरवर पसरलेलं असतं. तुम्हाला अख्ख्या द्रवातला बदल मोजायचा असेल तर जाळी घ्या. पृष्ठभागाला चिकटणारा पाच नॅनोमीटरचा प्रथिनांचा थर मोजायचा असेल, तर एकट्या कणाचं काही दहा नॅनोमीटरांत संपणारं क्षेत्र त्या थरावरच एकवटलेलं असतं आणि जाळीची आघाडी बरीच कमी होते. अशा कामासाठी मी आधी विखुरलेल्या कणांची साधी स्लाइड करून बघेन.

रामन मोजणीत, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून रेणू ओळखण्यात, तर अव्यवस्थेचीच परंपरा जुनी. साउदम्प्टनला १९७४ मध्ये खरबरीत केलेल्या चांदीवर पिरिडिन या रसायनाचा रामन संकेत अनपेक्षितपणे मोठा आला, आणि तिथे आखीव जाळी नव्हती. कणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत क्षेत्र एकवटतं, आणि वाढ क्षेत्राच्या चौथ्या घातात होते : क्षेत्र दहापट, तर संकेत दहा हजारपट. पण या फटी कुठे पडतील ते आपल्या हातात नसतं. नुसतं ‘पदार्थ आहे की नाही’ एवढंच विचारायचं असेल तर विखुरलेले कण पुरतात. ‘किती आहे’ हे सांगायचं असेल तर एकसारखी, मोजूनमापून केलेली रचनाच लागते.

सौरघटाबद्दल फार लिहीत नाही. सूर्य दिवसभर कोन बदलतो आणि सगळे रंग देतो, त्यामुळे तिथे विखुरलेले, शंभरेक नॅनोमीटरचे कण बरे. त्याहून बरेच लहान कण प्रकाश विकिरित करण्याऐवजी शोषूनच टाकतात.

जाळी किती बिघडली तर चालते? प्रत्येक कण आपल्या जागेपासून स्वतंत्रपणे थोडा हलला असं धरू. ४०० च्या जाळीत विचलन २० नॅनोमीटर असेल तर पहिल्या क्रमाच्या विवर्तनाची, म्हणजे जाळीमुळे ठरावीक दिशेला वळणाऱ्या पहिल्या किरणाची, तीव्रता जेमतेम नऊ-दहा टक्क्यांनी घटते. ८० नॅनोमीटर असेल तर पाचव्या हिश्शापर्यंत येते. पण द्रावणातून आपोआप जमलेल्या थरांत चूक कणागणिक साचत जाते आणि दूरची शिस्त फार आधी मोडते. छायाचित्रात शेजारी-शेजारी सगळं नीट दिसतं, आणि वर्णपटात शिखर मात्र नसतं.

दोन्हींच्या मधला एक पर्यायही आहे. सूर्यफुलातल्या बियांसारखा प्रत्येक पुढचा कण १३७.५ अंशांनी वळवून ठेवायचा. हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये या मांडणीचं सूत्र दिलं. अशा रचनेत कुठलाही तुकडा पुन्हा तसाच येत नाही, तरी ती यादृच्छिक नसते. विवर्तनात सुटे ठिपके न पडता वर्तुळाकार कडी दिसते, म्हणजे नमुना कसाही फिरवला तरी फारसा फरक पडत नाही. आखायला मात्र ती जाळीइतकीच महाग.

जाळीच निवडलीत तर पहिला नमुना प्रत्येक बाजूला निदान काही डझन कणांचा करा, कारण कडा जवळ असल्या की अनुनाद तयारच होत नाही. आणि मोजण्याआधी वर काचेशी जुळणारं तेल घालून झाकणी काच ठेवा. तेलाखालीही शिखर आलं नाही, तर आधी प्रकाशाचा कोन तपासा, नमुन्याला दोष नंतर द्या.