बदलते हवामान, अन्न आणि विष: मॅट्रिक्स मॉडेल की एकेका जिवाचे मॉडेल?

कीटकनाशकाचा डॅफ्नियाच्या (तळ्यातल्या इवल्याशा जलचराच्या) संख्येवर होणारा परिणाम तपासताना तापमान, अन्न, भक्षक यांचाही हिशेब धरायचा, तर कोणते मॉडेल घ्यावे यावर पुष्कळजण अडतात.

पर्याय दोन: वयोगटांचे दर एका तक्त्यात मांडून पुढची संख्या काढणारे मॅट्रिक्स मॉडेल, आणि प्रत्येक जीव वेगळा धरणारे एकेका जिवाचे मॉडेल. माहिती कमी असेल तर मॅट्रिक्स सोयीचे. वयोगटानुसार जगण्याचे आणि प्रजननाचे दर मिळाले की प्राणिसंख्येचे अभ्यासक लेस्ली यांची १९४५ची मॅट्रिक्स-चौकट कामाला लागते.

खरा फरक बाहेरच्या घटकांपाशी दिसतो. मॅट्रिक्समध्ये तापमान येते ते दर बदलूनच. पण फवारणी नेमकी अन्नटंचाईच्या काळात झाली तर? अर्धपोटी जीव विषापुढे बहुधा लवकर हरतो. उलट संख्या घटली की उरलेल्यांच्या वाट्याला अन्न जास्त येते. एकेका जिवाचे खाणे-वाढणे मांडलेल्या मॉडेलमधून ही ओढाताण आपसूक उमटते. मॅट्रिक्समध्ये ती आधी ओळखून मुद्दाम घालावी लागते आणि तिथेच ती निसटते.

मेहनत मात्र एकेका जिवाच्या मॉडेलची कितीतरी जास्त: मोजून भरायचे आकडे ढीगभर, पडताळणी किचकट.

अनेक रसायनांची प्राथमिक चाळणी करायची असेल तर मॅट्रिक्स पुरे. फवारणीची वेळ आणि ऋतू यांवरच निर्णय ठरणार असेल, तर माझ्या मते एकेका जिवाच्या मॉडेलला पर्याय नाही. फक्त प्रत्यक्ष तळ्यातल्या नोंदी हाताशी हव्यात.