इटालियनचं इंग्लिश करून देणारं ॲप: आठ महिने वापरल्यानंतर

ॲपमध्ये काय काय आहे ते सगळ्यांना माहितीये, परत लिहीत नाही. मी सप्टेंबरमध्ये तोरिनोला मास्टर्सला आलो आणि वर्षाचे पैसे एकदम भरले, दर महिन्याला भरणं महाग पडत होतं म्हणून. पहिले चार महिने काही तक्रार नव्हती. दुकानातल्या पाट्या, औषधाची चिठ्ठी, युनिव्हर्सिटीचे मेल, सगळं नीट.

मग जानेवारीत बॉयलर बंद पडला. घरमालकीणबाईंचा मेसेज आला, 'आ क्यामातो इल तेक्निको?' ॲप म्हणालं, डिड द टेक्निशियन कॉल? मी 'नो' लिहिलं आणि फोनची वाट बघत बसलो. चार दिवस हीटिंग नाही, गरम पाणी नाही, जॅकेट घालून झोपायचो. पाचव्या दिवशी बाई स्वतः आल्या तेव्हा कळलं, त्या विचारत होत्या की तुम्ही टेक्निशियनला फोन केलात का. नंबर बॉयलरच्या झाकणावरच चिकटवलेला होता आणि फोन मीच करायचा होता.

आता हे होतं का तर इटालियनमध्ये मान देऊन बोलताना 'लेइ' म्हणतात आणि 'ती' म्हणायलाही तोच शब्द, क्रियापदाचं रूपही तेच, आणि कर्ता तर बहुतेक वेळा बोलतच नाहीत. त्यामुळे त्या वाक्याचे खरोखरच दोन अर्थ होतात, टेक्निशियनने फोन केला का आणि तुम्ही टेक्निशियनला केला का. हे मला मान्य आहे. पण दोन अर्थ होतात तर दोन्ही दाखवा ना! एकच दाखवायचा आणि खाली काही सूचना नाही, याचा मला फार राग आला. नंतर परमिटच्या कामाला गेलो तिथे 'आ पोर्तातो ले फोतो?' विचारलं, ॲपवर आलं डिड ही ब्रिंग द फोटोज, आणि खिडकीपुढे उभा मी एकटा.

तेव्हा एक स्टार देणार होतो. पण फेब्रुवारीपासून वहीत चुका लिहून ठेवायला लागलो आणि मत थोडं बदललं. बऱ्याच ठिकाणी अडचण इंग्लिशची आहे. 'मांजावो' म्हणजे खात होतो पण आणि खायचो पण, इंग्लिशमध्ये कधी नुसतं आय एट येतं. 'सारान्नो ले ओत्तो' म्हणजे आठ वाजले असतील, आपल्यासारखंच अंदाजाला भविष्यकाळ, ॲप देतं इट विल बी एट. बातम्यांत 'सारेब्बे फुज्जितो' असतं म्हणजे पळून गेला म्हणे, खात्री नाही अजून, ॲप देतं वुड हॅव फ्लेड, बातमीचा अर्थच बदलला. 'मी प्याचे' तर सरळ मला आवडतं, मला तिथे ॲपची गरजच नव्हती आणि मी चार महिने आय लाइकवरून उलटं पाठ करत होतो.

एक उपाय सापडला. वाक्य टाकताना आधी 'सिन्योरे' लिहा, मग ही-शी जाऊन यू येतं. फोटोवालं वाक्य असं टाकलं तर बरोबर आलं. बॉयलरचं मात्र तरी दोनदा चुकलं, म्हणून घरमालकीणबाईंचे मेसेज आता मी आधी मनात मराठीत लावून बघतो, कर्ता कोण ते ठरवतो, मग ॲप उघडतो.

तीन स्टार. सप्टेंबरमध्ये परत पैसे भरणार नाही, ऑटो-रिन्यूअल आत्ताच बंद केलंय, तेवढ्या पैशात इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात क्रियापदांचं जाडं पुस्तक मिळालं.